सरमाड गोठ्याला, मग शेताच्या अंगावर काय?

येवला तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. शेत तीन एकर. त्यातले दोन एकर मुरमाड, एक एकर काळे. विहीर आहे, पण जानेवारीनंतर तळ दिसतो. गोठ्यात एक म्हैस आणि सहा शेळ्या. धाकट्या मुलाने मोबाइलवर पाहिले की पिकाच्या ओळींमध्ये काडीकचरा अंथरला तर ओल टिकते आणि बाजरी कमी पावसातही तग धरते. त्याने गोठ्यामागे रचून ठेवलेले सरमाड शेतात पसरायचे ठरवले. आजोबा आडवे आले. "म्हशीच्या तोंडचा घास मातीला घालतोस काय?" घरात आठ दिवस हाच विषय. भगिनी विचारतात, दोघांपैकी बरोबर कोण ते सांगा, म्हणजे मी एकदाची सुटेन.

मुलाची माहिती खोटी नाही. पण सरमाडापुरते आजोबांचे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा हिशेब आकड्यांत मांडून पाहू.

कोरडवाहू पिकासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ५ टन आच्छादनाची आहे. म्हणजे एकरी २ टन, गुंठ्याला ५० किलो. जिरायती बाजरीचे एकरभर सरमाड चांगल्या सालातही साधारण दीड-दोन टनच भरते. म्हणजे एक एकर झाकायला एका एकराचे सगळे सरमाड गेले. आता म्हशीकडे बघा. वाळल्या चाऱ्याचे रोजचे ७ किलो धरले, तर २ टन म्हणजे तिचे नऊ-साडेनऊ महिन्यांचे खाणे. शेळ्या वेगळ्याच. शिवाय अलीकडे बकरी ईद मे-जूनमध्ये येते. ज्या घरात विक्रीसाठी किंवा कुर्बानीसाठी बोकड वाढवतात, तिथे नेमक्या याच दिवसांत चारा सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्मीळ असतो. अशा घराने सरमाड शेतात पसरून नंतर पेंढ्या विकत आणायच्या, यात शहाणपणा कसला?

पण म्हणून मुलाला गप्प बसवू नका. त्याने पाहिले ते का खरे आहे, हेही समजून घेतले पाहिजे.

आपला नाशिक जिल्हा पावसाच्या बाबतीत एक नाहीच. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. तिकडे वर्षाची सरासरी पाचशेच्या आसपास. तोही सरळ येत नाही. जुलैत दोन दणके, मग तीन आठवडे उघडीप. २०२३ साल आठवा. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली बाजरी ऑगस्टअखेर निसवते, फुलोऱ्यात येते. ऐन गरजेच्या वेळी आभाळ कोरडे. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातील ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते.

अशा उघडिपीत पाणी जाते कुठे? पीक पिते त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी, पीक लहान असताना, उघडी जमीनच उडवून टाकते. पाऊस थांबून ऊन पडले की पहिले दोन-तीन दिवस ओल्या, उघड्या जमिनीतून दिवसाला चार मिलिमीटर पाणी सहज हवेत जाते. चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटते. पण एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. म्हणजे एका दिवसात १६ हजार लिटर, दीड टँकर! मे महिन्यात ज्या गावात टँकरभोवती हंडे घेऊन रांग लागते, त्याच गावाच्या शिवारात पावसाळ्यात एकरी दीड टँकर रोज वाफ होऊन जातो आणि कुणाला दिसतही नाही.

काडीकचऱ्याचा थर हे रोखतो. ऊन थेट मातीला लागत नाही, वारा मातीला घासत नाही. दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. आपल्याकडचा पाऊस टपोरा आणि जोरदार. उघड्या मातीवर थेंब आपटला की माती फुटते, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापडी धरते. मग पुढचा पाऊस मुरतच नाही, ओघळीने बांध फोडून निघून जातो आणि वरची चांगली माती सोबत नेतो. थेंब काडीवर आपटला तर तो हळूहळू खाली झिरपतो. मुरमाड उताराच्या शेतात नुसती ओल टिकवण्यापेक्षा पाणी आत घेणे जास्त महत्त्वाचे असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. नाशिककडे 'मल्चिंग' म्हटले की चंदेरी-काळा प्लास्टिकचा कागद डोळ्यासमोर येतो. तो टोमॅटो, मिरची, टरबुजाच्या बागायतीसाठी. बाजरी-ज्वारीला तो परवडतही नाही, आणि त्याचे तुकडे वर्षानुवर्षे मातीत राहतात. आपण बोलतोय ते कुजणाऱ्या, मातीत मिसळून जाणाऱ्या आच्छादनाबद्दल.

आता जमीन-जमिनीतला फरक. भगिनींच्या पत्रातले हे वाक्य फार उपयोगाचे आहे: दोन एकर मुरमाड, एक एकर काळे. मुरमाड जमिनीची फूटभर माती पिकाला देता येईल असे पाणी धरून धरून किती धरणार? तीस-चाळीस मिलिमीटर. आच्छादनाने ते आणखी काही दिवस पुरेल. पंधरा दिवसांची उघडीप असेल तर तेवढ्याने पीक वाचते. महिनाभराची असेल तर नाही वाचत. काळ्या खोल जमिनीचे गणित वेगळे. तिच्या एका मीटर खोलीत दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठून असते. परतीचा पाऊस संपला की रब्बीची ज्वारी त्या साठ्यावरच वाढते. वरून पुन्हा पाऊस येईलच असे नाही. म्हणून आच्छादन कमी असेल तर ते खरिपातल्या बाजरीपेक्षा रब्बीतल्या ज्वारीला द्यावे, असे मी म्हणेन.

हे ज्ञान काही मोबाइलने आणलेले नाही. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. रब्बी ज्वारी, तिची ओल आणि तिच्या भेगा हा त्या केंद्राचा जुना विषय. पेरणीनंतर पाच आठवड्यांच्या आत ज्वारीत आच्छादन करा, ही शिफारस त्यातूनच आली. काळ्या जमिनीतली ओल संपत आली की ज्वारीचे ताट बुडाशी पोकळ होते आणि दाणा भरायच्या वेळी जमिनीवर लोळते. त्याला आपण खडखड्या म्हणतो. हा रोग पाण्याच्या ताणात बळावतो, म्हणून ओल टिकवणे हेच त्याच्यावरचे मोठे औषध.

मग पसरायचे काय? गोठा जे खात नाही ते. पण थांबा, इथे तिसरा दावेदार आहे, चूल. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या जनावर खात नाही. पण सिलिंडर संपला की त्याच घरची भाकरी भाजतात. ही अडचण पुरुष मंडळींच्या कृषी चर्चेत क्वचित येते. म्हणून घरातल्या बाईला न विचारता तुराट्या शेतात नेऊ नयेत. जाड बुडखे चुलीला, शेंडे आणि बारीक फांद्या शेताला, अशी वाटणी होऊ शकते. सोयाबीनचे भुसकट, विशेषतः पावसात भिजून काळे पडलेले, जनावर नाक मुरडते, ते उत्तम. गव्हाणीत उरलेले, तुडवलेले, शेणामुताने भरलेले चघळ तर फुकटचे. एक म्हैस आणि सहा शेळ्यांच्या गोठ्यातून वर्षभरात त्याचा चांगला ढीग होतो, आणि लोक तो उकिरड्यावर टाकतात. मक्याच्या कणसांतले दाणे काढून उरलेली दांडकी, ताटांचे कडक बुडखे, बांधावरचे वाळके गवत, शेंगांची टरफले हेही चालते. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटले तर तेही चालते. मात्र हाताला फडके गुंडाळून उपटा, अंगावर खाज उठते. फुलावर आलेले गाजर गवत शेतात नेले तर पुढच्या वर्षी तुमचे शेतच गाजर गवताचे होईल.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची एप्रिलमधली खरड छाटणी झाली की काड्यांचे ढीग पडतात आणि काही जण ते पेटवून देतात. त्या आणाव्यात का, असे विचारणारे असतात. बाग शेजारी असेल तर जरूर. वीस-तीस किलोमीटरवरून ट्रॉली भरून आणणार असाल तर डिझेलमध्येच बाजरीचा नफा गेला म्हणून समजा. आच्छादन आपल्या शेताचे आणि गोठ्याचेच असावे.

एवढे सगळे गोळा करूनही तीन एकर झाकले जाणार नाहीत. दहा गुंठे झाले तरी खूप, त्याला पाच क्विंटल लागते. मग कोणते दहा गुंठे?

याचे उत्तर मला आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांकडून मिळते. बाजरी मूळची तिकडचीच, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे ती पिकाखाली आली आणि मग आपल्याकडे पोचली. नायजर हा तिथला मुस्लिमबहुल देश. बाजरी त्यांचे मुख्य अन्न, जमीन रेताड, पाऊस आपल्या मालेगावासारखा किंवा त्याहून कमी. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेचे एक केंद्र तिथे नियामे शहराजवळ सादोरे येथे आहे. तिथल्या प्रयोगांत बाजरीची ताटे शेतातच राहू दिली तेव्हा बाजरी स्पष्टपणे सुधारली. पण तिथल्याही घरांत तोच तंटा. ताटे जनावरांना हवीत, कुंपणाला हवीत, चुलीला हवीत. मग शेतकऱ्यांनी काय केले? सगळे शेत झाकण्याचा हट्ट धरला नाही. शेतात जिथे माती कडक होऊन टक्कल पडले आहे, जिथे पीक दरवर्षी खुरटते, तेवढ्याच डागांवर ताटे आणि झुडपांच्या फांद्या टाकल्या. त्याखाली वाळवी आली, तिने कडक पापडी पोखरली, पाणी मुरू लागले, वाऱ्याने उडणारी माती अडली.

आपल्या शेतातही असे डाग असतात आणि ते कुठे आहेत हे आजोबांना झोपेतही सांगता येईल. बांधाखालची उघडी पडलेली जागा, उताराच्या वरच्या अंगाचा मुरूम, जिथे बाजरी गुडघ्याएवढीच राहते तो तुकडा. आजोबांनी जागा दाखवावी, नातवाने तिथे काडी टाकावी.

आता पद्धत. बाजरी ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत पेरलेली असेल तरच हे काम सोपे. फोकलेल्या बाजरीत आच्छादन बसत नाही. पेरल्या-पेरल्या पसरू नका, कोंब वर येताना अडतो. विरळणी झाली, एक निंदणी आणि एक-दोन कोळपण्या झाल्या, पीक तीन-चार आठवड्यांचे होऊन वीतभर-हातभर वाढले की मगच. कारण एकदा काडी अंथरली की कोळपे चालत नाही. पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना अंथरा. कोरड्या जमिनीवर जाड थर टाकला तर पुढचा हलका पाऊस काडीच पिऊन टाकेल आणि माती कोरडीच राहील. थर दोन-तीन बोटांचा, माती दिसेनाशी होईल इतका. ताटाच्या बुडाला चिकटवू नका, चार बोटे जागा मोकळी ठेवा. नांदगाव-मालेगावच्या माळावर जुलैत वारा भणाणतो, भुसकट उडून शेजाऱ्याच्या शेतात जाते. तिथे खाली भुसकट आणि वर तुराटीच्या फांद्या असे दाबून टाका.

काडी मातीत पुरू नका, हे मुद्दाम सांगतो. काडीत कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी. ती पेरणीच्या तोंडावर नांगरून गाडली की कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. मग लोक म्हणतात, आच्छादनाने पीक बिघडले. वर पसरलेल्या काडीने हा त्रास फारसा होत नाही.

बाजरीवर बाजरीचेच सरमाड टाकायचे नाही, याला चाऱ्याखेरीज आणखी एक कारण आहे. गोसावी रोगाने कणसाची पाने झालेली, झिपऱ्या वाढलेली ताटे तुम्ही पाहिली असतील. त्या रोगाचे बीज अशा ताटांतून मातीत उतरते आणि पुढच्या पिकाला लागते. अशी ताटे उपटून जाळून टाकावीत, आच्छादनात कधीच घेऊ नयेत. ज्या शेतात उधईचा जोर आहे तिथेही जरा जपून. नायजरमध्ये वाळवीने पडीक डाग मोकळे केले हे खरे, पण उभ्या पिकात ती काडी संपवून ताटाच्या मुळाशी जाऊ शकते. अशा ठिकाणी कोरड्या पऱ्हाट्यांपेक्षा अर्धवट कुजलेले चघळ बरे. गोगलगायी दिसत असतील तर त्या सालापुरते आच्छादन टाळा, त्यांना ओली सावलीच हवी असते.

आणि भरपूर पावसाच्या वर्षी काही फरक दिसला नाही तर नाराज होऊ नका. उलट काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत सततच्या पावसात आच्छादनाखाली पाणी साचून बाजरी पिवळी पडते, तेव्हा काडी बाजूला सारावी लागते. 'आच्छादन करा आणि उत्पन्न दुप्पट' असे कुणी मोबाइलवर सांगत असेल तर त्याने ते कोणत्या पावसात, कोणत्या जमिनीत मोजले, हे विचारावे.

उरलेल्या शेताचे काय? तिथे कोळपे. कोळप्याने वरची दोन बोटे माती भुसभुशीत होते आणि ती कोरडी माती खालच्या ओलीवर झाकणासारखी बसते. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असे जुने लोक म्हणत ते यामुळेच. रब्बी ज्वारीसाठी विद्यापीठाचे वेळापत्रक पाठ करण्यासारखे आहे: पेरणीनंतर तीन आठवड्यांनी फटीचे कोळपे, पाचव्या आठवड्यात पासाचे, आठव्या आठवड्यात दातेरी. तिसऱ्या कोळपणीने भेगा बुजतात. काळ्या जमिनीची भेग म्हणजे खालची ओल बाहेर टाकणारे धुराडेच. ते बुजवायला ना काडी लागते, ना चारा.

कापणीच्या वेळचीही एक गोष्ट. बाजरीची कणसे खुडून झाली की सरमाड अगदी बुडापासून कापतात. त्याऐवजी वीतभर धसकट उभे ठेवा. तो भाग जाड, कडक, जनावर तसाही टाकून देते. उभी धसकटे वारा अडवतात आणि पहिल्या पावसात मातीची धूपही. ज्वारीत खोडकिडा फार असेल तर मात्र धसकटे वेचून नष्ट करावी लागतात.

मजुरीचे बोलायचे राहिले. दहा गुंठ्यांत पाच क्विंटल वाहून नेणे, ओळींत हाताने पसरणे हे दिवसभराचे कंबरमोडे काम आहे. आपल्या घरांत ते बहुधा बायकांच्याच वाट्याला येते. मोबदल्यात त्या तुकड्यातली पुढची निंदणी बरीचशी वाचते, आणि निंदणीही बायकांचीच असते. पण ढीग डोक्यावरून नेण्याचे काम ज्याने व्हिडिओ पाहिला त्याने करावे, एवढे भगिनींनी मुलाला माझ्याकडून सांगावे.

मुलाला आणखी एक काम द्या. झाकलेल्या तुकड्याशेजारीच तेवढाच तुकडा उघडा ठेवायचा, जमीन सारखी, बियाणे तेच. पाऊस थांबल्यावर आठव्या दिवशी दोन्हीकडे खुरप्याने वीतभर खणून मूठभर माती दाबून पाहायची. गोळा होतो की भुगा होतो, तारीख घालून वहीत लिहायचे. शेवटी दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा मळून वजन करायचे. मालेगाव आणि नाशिक या दोन्ही ठिकाणी कृषी विज्ञान केंद्र आहे. ही वही घेऊन तिथे गेले तर तिथले लोक आपल्या जमिनीला धरून नेमके सांगू शकतील, आणि सल्ल्याला पैसे लागत नाहीत.

पुढच्या दोन-तीन वर्षांची तजवीज मात्र याच पावसाळ्यात करायला हवी. बांधावर गिरिपुष्प लावा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन हात लांब काड्या बांधावर हातभर अंतराने रोवायच्या, किंवा पिशवीत बी टाकून रोपे करायची. पहिले वर्षभर शेळ्यांपासून जपावे लागते. पुढे ताज्या पाल्याच्या वासाने जनावरे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फांद्या छाटता येतात. पाला नत्राने भरलेला असतो, महिन्याभरात कुजून मातीला मिळतो. लवकर कुजतो म्हणून एकटा तो ओल फार दिवस धरत नाही. खाली गिरिपुष्पाचा पाला आणि वर तुराट्या असा मेळ घातला तर एकाने खत होते, दुसऱ्याने झाकण. पाला झोडून घेतल्यावर उरलेल्या काड्या चुलीला जातात. सुबाभूळही चालते, सोलापूरच्या केंद्रात तिच्या पाल्यावरही बरेच काम झाले आहे. पण तिच्या शेंगा पिकू दिल्या तर रोपे शेतभर उगवतात, आणि शेळ्या तर तिच्यावर तुटूनच पडतात. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या गोठ्यात शेळ्या सहा आहेत, तेव्हा त्यांनी गिरिपुष्पच लावावे.